तीन आठवड्यांचे पाच मालक

जिजाजी, तुमच्या तेराव्याला शर्माजी रडले. कारखान्याचं विजेचं काम बघणारे, तेच. "साहब जैसा प्लानर इस शहर में दूसरा नहीं होगा," असं सगळ्या पंगतीला ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणाले, डोळे पुसले आणि अजून दोन पुऱ्या मागितल्या. मी वाढल्या. तुम्ही असतात तर चष्म्याच्या वरून त्यांच्याकडे बघितलं असतं आणि काही बोलला नसतात. तुमचं सगळं आयुष्य त्या बघण्यातच गेलं. दिसायचं सगळं, बोलायचं काही नाही.

इथल्या मराठी मंडळाच्या पत्रिकेसाठी तुमच्यावर लिहा, असं सचिवांनी मला सांगितलं. "दोन शब्द गोड लिहा, कुंदाताई." गोड काय ते तेराव्याला झालं. बसण्याआधी मी काय लिहायचं नाही ते ठरवून घेतलं. तुमचा जन्म, शिक्षण, नोकऱ्या हे लिहायचं नाही, ते सचिवांच्या रजिस्टरात आहे. तुम्ही मनमिळाऊ होतात असं लिहायचं नाही, कारण नव्हतात. उज्जैनवर तुमचं प्रेम होतं असंही नाही. पुण्याहून येऊन इतकी वर्षं राहिलात, तरी शेवटपर्यंत पोह्यांवर शेव घातली की तुमच्या कपाळावर आठी यायची.

लिहितेय ती ताईसाठी. तुमची बायको, माझी थोरली बहीण, तुम्ही गेल्यापासून एकच प्रश्न विचारते. भांडी लावताना, देवाला फुलं वाहताना, मध्येच थांबून. "त्यांनी मला सांगितलं का नाही?" तुमचं दुखणं तुम्हाला पावसाळ्यापासून माहीत होतं. आम्हाला ते इंदूरच्या दवाखान्यात डॉक्टरांकडून कळलं, तेही तुम्ही शुद्धीवर नसताना. "इनको तो बारिश से पता था. घर में नहीं बताया?" डॉक्टर आमच्याकडे असे बघत होते, जणू आम्हीच कान बंद करून बसलो होतो. तेव्हापासून ताईला वाटतं की चूक तिची आहे. तिला उत्तर द्यायला हवं, आणि ते काम तुम्ही नेहमीसारखं दुसऱ्याच्या माथी मारून निघून गेलात.

तुम्ही आलात तेव्हा सगळा देश कारखाने काढायला निघाला होता. लायसन्स नको, परवानगी नको, ज्याच्याकडे जमीन आणि मेहुणा होता तो उद्योगपती. आमच्या सेठजींनी मक्सी रोडला सोयाबीनच्या तेलाचा कारखाना काढायचं ठरवलं. मी त्यांच्या फ्रीगंजच्या ऑफिसात खरेदी आणि फोन बघत होते. सेठजींना कोणीतरी सांगितलं की मोठ्या कंपन्यांत आता प्लानिंगवाला इंजिनिअर ठेवतात. मी ताईला कळवलं, ताईनं तुम्हाला. पुण्यातली पक्की नोकरी सोडून तुम्ही बायकोच्या माहेरच्या गावी आलात, म्हणून मंडळातले लोक तुम्हाला मागून घरजावई म्हणायचे. तुम्हाला ते माहीत होतं. अर्थात तेही तुम्ही बोलला नाहीत.

पहिल्याच दिवशी मी तुम्हाला जिजाजी म्हणाले तेव्हा तुम्ही मला दुरुस्त केलंत. "भावोजी म्हणावं. मराठीत शब्द आहे." मी म्हटलं, "आमच्याकडे जिजाजीच म्हणतात." "तुमच्याकडे बरंच काही म्हणतात. 'फोन लावून राहिले' म्हणालीस की वाटतं फोनपाशी मुक्कामाला गेलीयेस." ऑफिसातली सगळी माणसं हसली, आणि त्यातल्या अर्ध्यांना मराठी येत नव्हतं. त्या दिवसापासून मी तुम्हाला मुद्दाम जिजाजी म्हणत आले. आताही म्हणतेय.

मग तुम्ही भिंतीवर ते जाळं लावलंत. एका टोकाला 'जमीन', दुसऱ्या टोकाला 'पहिलं तेल', आणि मधे गोल, बाण, गोल, बाण. शिपाई त्याला साहब का मकड़जाल म्हणायचा. मी विचारलं, माझी यादी आहे की, कामं लिहिलेली, झालं की खूण, राहिलं की नाही. याची गरज काय? तुम्ही माझी यादी दोन बोटांत धरलीत, जसं कोणी पानावरून अळी उचलतो. "यादीला बाण नसतात, कुंदा. काय राहिलं ते कळतं. कोण कोणासाठी थांबलंय ते कळत नाही."

हे वाक्य मला आवडलं होतं. सांगितलं नाही, कारण तुम्ही यादी अळी धरल्यासारखी धरली होतीत.

त्या दिवाळीत ताईच्या स्वयंपाकघरात तुम्ही मला ते शिकवलंत. ताईला विचारून फराळाची कामं वहीच्या मागच्या पानावर मांडलीत. चकलीची भाजणी, शेव, चिवडा, अनारसे. "सगळ्यात लांब रस्ता कोणता?" मी म्हटलं चकली, कारण तिचा कंटाळा येतो. "चूक. अनारसे. तांदूळ भिजायला तीन दिवस, मग वाळवा, कुटा, गूळ घालून मुरवा. ही साखळी लांबली की दिवाळी लांबली. हा क्रिटिकल रस्ता. चिवडा कधीही करा, त्याला सवड आहे. त्या सवडीला म्हणायचं फ्लोट." लाल पेन्सिलीनं तुम्ही तांदळापासून ताटापर्यंत रेघ ओढलीत. ताई झाऱ्या घेऊन उभी होती. म्हणाली, "माझी आई हे नकाशाशिवाय करायची. तांदूळ भिजले का, एवढंच विचारायची." तुम्ही म्हणालात, "तुझ्या आईनं तेलाचा कारखाना काढला नाही." ताई म्हणाली, "तुम्ही तरी कुठे काढलाय अजून?" तुम्ही हसलात. तुम्हाला हसवणं फक्त तिला जमायचं, आणि त्यासाठी ती काही खास करायची असंही नाही.

कारखान्याचा लाल रस्ता बॉयलरचा होता. दसऱ्याच्या सुमाराला मंडीत सोयाबीनच्या ट्रॉल्या लागायला लागतात, त्याच्या आधी बॉयलर पेटायला हवा. नाही पेटला तर मोसम गेला. मोसम गेला तर सेठजी प्लानिंगवाल्याचं काय करणार, हे मला दिसत होतं. तुमची नोकरी गेली की तुम्ही ताईला घेऊन परत पुण्याला जाल, हेही. इतक्या वर्षांनी बहीण हाकेच्या अंतरावर आली होती. म्हणून सांगते, त्या मोसमाची काळजी सेठजींपेक्षा मला जास्त होती.

बॉयलरवर सगळ्यांची नजर होती. नजर नव्हती ती पाण्यावर. बॉयलरला पाणी लागतं, हे सगळ्यांना माहीत होतं, पण पाण्याचा रस्ता लाल नव्हता. बोअर, मग हौद, मग पाइपलाइन, मग पंप आणि त्याचं पॅनेल. या सगळ्या ओळीला मिळून तीन आठवड्यांची सवड होती. मिळून. हा एक शब्द तुम्ही भिंतीवर कुठे लिहिला नाहीत.

बोअरवाल्याची माणसं आखातीजच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या लग्नांना गावी गेली. "फ्लोट है ना, मैडम." आले निवांत. मग सेठजींना कोणी पंडितानं सांगितलं की हौद ईशान्येला हवा, नाहीतर लक्ष्मी टिकत नाही. आखलेली जागा सोडून नवीन जागा. सेठजींचं म्हणणं, "साहब ने बोला है, पानी में टाइम है." हौद बांधणारे गवंडी श्रावणातल्या दर सोमवारी महाकालाच्या पालखीच्या सवारीला गेले, आणि दर मंगळवारी सवारीच्या थकव्याला. पाइपवाल्यानं दुसरीकडचं काम आधी उरकलं. शेवटी पॅनेलवाले शर्माजी सासऱ्यांना घेऊन वैष्णोदेवीला गेले. "अरे, तीन हफ़्ते हैं अपने पास." प्रत्येकाला तुमच्या जाळ्यानं तीन आठवडे दिले होते. प्रत्येकानं ते आपले समजून खर्च केले. पाच जण आणि आठवडे तेच तीन.

आणि मी रोज सगळ्यांना फोन लावून विचारत होते. रोज प्रत्येक जण आपल्या तीन आठवड्यांच्या आतच होता. माझ्या यादीत पाचही कामं वेळेत होती.

बॉयलर वेळेवर आला. त्याला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. पाणी नव्हतं. सेठजींनी टँकर मागवले. टँकरनं बॉयलरची तहान भागत नाही. हार वाळला, मंडीत ट्रॉल्या लागल्या आणि देवास रोडचे कारखाने आमच्या डोळ्यांदेखत सोयाबीन उचलत राहिले.

सेठजींनी केबिनमध्ये सगळ्यांना उभं केलं. शर्माजी कपाळावर वैष्णोदेवीचा टिळा लावून आले होते. कोणीतरी जबाबदार हवं होतं, आणि खोलीत एकच बाई होती.

"मैडम, आप तो रोज़ बोलती थीं, सब टाइम पर है! रोज़!"

माझ्या हातात यादी होती. मी तोंड उघडलं. त्याआधी तुम्ही कोपऱ्यातून, त्या तुमच्या खडबडीत पुणेरी हिंदीत म्हणालात, "ग़लती इनकी नहीं है, सेठजी. नेटवर्क मेरा है."

"आपका है?"

"मेरा है."

"तो फिर आप घर बैठिए."

तुम्ही लाल पेन्सिल खिशाला लावलीत आणि बाहेर पडलात. शर्माजींनी इतका मोठा श्वास सोडला की टिळ्याचा एक कण खाली पडला. पाचांपैकी एकानंही तोंड उघडलं नाही. त्यातले एक स्वतः सेठजी होते.

तुमच्या स्कूटरवर मागे बसून मी घरी निघाले. मला तुम्हाला एक गोष्ट म्हणायची होती आणि एक विचारायची होती. दुर्दैवानं आधी विचारलं.

"जिजाजी, तुम्हाला दिसत होतं ना? सगळे तेच तीन आठवडे वापरताहेत ते?"

"जाळ्यात स्पष्ट होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"विचारायला कोण आलं?"

मी म्हटलं, गाडी थांबवा. टॉवर चौकात उतरले आणि चालत घरी गेले. म्हणायची होती ती गोष्ट राहिली.

यावर तुमच्याशी भांडायचं मी कधीच सोडलं नाही. प्रत्येक सणाला, प्रत्येक लग्नात कुठेतरी ते निघायचं. तुम्ही म्हणायचात, भिंतीवर लावलेलं होतं, ज्याला डोळे आहेत त्यानं बघावं, मी लोकांना बेरीज शिकवायला बसलो नव्हतो. मी म्हणायचे, कागद भिंतीला लावणं म्हणजे सांगणं नाही. तुम्हाला आम्ही सगळे गाढव वाटायचो, आणि गाढवाला वाट सांगणं तुम्हाला कमीपणाचं वाटायचं. केबिनमध्ये तुम्ही दोष घेतलात, त्याला लोक मोठेपणा म्हणतील. मला शंका आहे. दोष घ्यायलासुद्धा तुमच्या लेखी दुसरं कोणी लायक नव्हतं.

तरी तुम्ही पुण्याला परत गेला नाहीत. फ्रीगंजमध्ये एका दुकानाच्या वरची खोली घेऊन डिप्लोमाच्या मुलांना गोल आणि बाण शिकवत बसलात. ताई राहिली. ते मी कधी विसरले नाही, आणि माझ्या याद्यांत आता बाण असतात. बारीक, समासात. नव्या ऑफिसात लोक विचारतात हे काय, मी सांगते, शंभर वेळा सांगते, कंटाळा येईपर्यंत सांगते. तुम्हाला मात्र कधी दाखवले नाहीत. तुम्ही म्हणाला असतात, "आता कळलं?"

एवढ्या भांडणानंतर तुमच्याबद्दलचं माझं मत व्यवस्थित घडी घालून ठेवलेलं होतं. हा माणूस आपणहून सांगणार नाही. पण विचारलं, तर खरं सांगेल. दुसऱ्या भागाबद्दल मला थोडा आदर होता, खरं तर तेवढाच होता.

ती घडी ताईनं मोडली.

या पावसाळ्यात ताई तुमच्या मुलीच्या, मीनूच्या बाळंतपणाला पुण्याला गेली. तुम्हीच तिला गाडीत बसवून दिलंत. डॉक्टरांकडून आल्यावर किती दिवसांनी, ते मी मोजणार नाही. मीनूला बाळासकट दिवाळीला इकडे यायचं होतं. मी ऑफिस हलवण्याच्या गडबडीत होते, म्हटलं एकदा हे आवरलं की जिजाजींकडे निवांत जाऊन भांडू. प्रत्येकीला वाटत होतं वेळ आहे. आणि तुम्ही सगळ्यांना बघत होतात, चष्म्याच्या वरून, गप्प. बारीक झालात, तर मी धरून चालले, संध्याकाळी फिरायला जाता म्हणून.

मी ताईला म्हणणार होते की तू विचारलं नाहीस, म्हणून त्यांनी सांगितलं नाही, तो माणूसच तसा. हे बोलले असते तर ती जन्मभर स्वतःला दोष देत बसली असती, हे तोंड उघडल्यावर माझ्या लक्षात आलं. पण मी काही बोलण्याआधी तीच म्हणाली.

"मी विचारलं होतं गं. पुण्याहून फोनवर. म्हटलं, आवाज असा का येतोय, बरं आहे ना? जेवण जातं का? तर म्हणाले, जातं. तुझ्या हातची भाजी नाही, एवढंच."



"तेव्हाच कळायला हवं होतं मला," ताई म्हणाली. "लग्न झाल्यापासून कधी भाजीला बरं म्हणाले नव्हते."

म्हणजे विचारलं गेलं होतं, जिजाजी. आणि तुम्ही खोटं बोललात. सेठजींसमोर नाही, मंडळात नाही, पगार जात असतानाही नाही. फक्त तिच्याशी. का, तेही मला कळतं, मी एवढी गाढव नाही. खरं सांगितलं असतंत तर ती त्याच रात्रीच्या गाडीनं आली असती, मीनू एकटी पडली असती. तुम्ही जाळं मांडलंत, त्यात तिच्या नातवाचा रस्ता लाल केलात आणि स्वतःचा फिकट. याला लोक प्रेम म्हणतात. असेल. मला हा तोच जुना अहंकार वाटतो, नवे कपडे घातलेला. कारखान्यात पाच जणांनी सगळ्यांची सवड आपली समजून उडवली, त्यांना तुम्ही मनातल्या मनात मूर्ख म्हणालात. मग तुम्ही काय केलंत? तो पावसाळा आमचाही होता. ताईचा होता, मीनूचा होता, माझा होता. सगळ्यांचा मिळून एक. तुम्ही एकट्यानं तो वापरलात. त्यातली एक संध्याकाळ माझ्या वाट्याला यायला हवी होती. मी भांडण संपवलं असतं. निदान ते एक वाक्य, टॉवर चौकात राहिलेलं, म्हटलं असतं.

काल ताई ओट्याशी डाळ निवडत होती. यंदा फराळ नाही, अनारशाचा तांदूळ भिजवायचा नाही, तरी ती डबा उघडून बघून आली होती. मला म्हणाली, "अजून एकदा विचारायला हवं होतं का गं मी? नीट?"

मी म्हटलं, "ताई, चूक तुझी नाही. जाळं त्यांचं होतं."

"म्हणजे?"

मी तिला सेठजींच्या केबिनची गोष्ट सांगितली. ती बघतच राहिली. तिला माहीत नव्हतं. तुम्ही घरी येऊन सांगितलं होतंत, सेठ लहरी आहे, सोडलं काम. मला वाटलं होतं, खरं काय ते तुम्ही सांगितलं असेल. तुम्हाला वाटलं असेल, मी सांगेन. दोन नियोजनवाले आणि एक काम कोणाच्याच नावावर नाही.

"तुझ्यासाठी म्हणाले असं?"

"हो."

"आणि तू काय म्हणालीस?"

"काही नाही."

ताईनं डाळीचं ताट माझ्याकडे सरकवलं. "बस मग. निवड."

बसले. बराच वेळ दोघी निवडत होतो. मधेच ती स्वतःशीच म्हणाली, "जाळं त्यांचं," आणि थोडी हसली, तुम्हाला हसवताना हसायची तशी. त्यानंतर तिनं तो प्रश्न विचारलेला नाही. वाक्य तुमचंच होतं. एकदा माझ्यासाठी चाललं होतं, काल तिच्यासाठी चाललं. त्याबद्दल धन्यवाद, जिजाजी. झालं, म्हटलं.

पण ताईनं सोडलेला प्रश्न आता माझ्याकडे आहे. तुम्ही मला का नाही सांगितलंत? मी तिच्यासारखी गाडी पकडून धावत आले नसते, मी इथेच होते, दोन गल्ल्या सोडून. विचारायला कोण आलं, असं म्हणायचात ना.

आले आहे मी. बोला.